टीव्हीला ओवाळणारी बाई

१

"माझा भाऊ कुणीतरी पुसून टाकला हो," असं म्हणून मधुमतीबाई आठल्ये शेजारची रिकामी खुर्ची सोडून सरळ माझ्या कार्पेटवर बसल्या.

मी जेमिमा पेणकर. राहणार लीड्स. आयुष्यभर एका टीव्ही कंपनीच्या कॅसेट-भांडारात काम केलं. रिटायर झाल्यावर घरातल्या मागच्या खोलीत लोकांच्या जुन्या कॅसेट्स कम्प्युटरवर उतरवून देते. मुंजी, बारशी, आमच्या ज्यू लोकांतल्या मुंजीसारख्या बार मिट्झवा, काय म्हणाल ते. दुसऱ्यांची लग्नं बघता बघता माझं लग्न राहून गेलं, असं माझी बहीण म्हणते. डोंबल! मला कुणी धड विचारलंच नाही.

तर मधुमतीबाई लेस्टरहून मुलाला, नकुलला, घेऊन आल्या होत्या. हातात एक व्हीएचएस कॅसेट, रुमालात गुंडाळलेली. मी ती मशीनमध्ये घातली. मशीनवरचा पिवळा दिवा लागला. अमेरिकेकडच्या पद्धतीची कॅसेट असली की हा दिवा लागतो, आपल्या इंग्लंडच्या कॅसेटला हिरवा.

पडद्यावर एक पोरगेला तरुण आला. कोट, टाय, आणि वाढलेले केस दाबून बसवलेले. मागे ऑर्गनची संथ धून. तो गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत वाचत होता, अमुक बाई वारल्या, टोरांटोच्या तमक्याची आई, लंडनच्या तमकीची मावशी. मग कागद खाली ठेवून त्याने हळूच गुड नाइट म्हटलं आणि जरासा हसला. मयताच्या बातम्या वाचणाऱ्याने हसू नये, पण याला ते जमलेलं नव्हतं.

"हा माझा सुश्रुत," मधुमतीबाई म्हणाल्या. "दर भाऊबीजेला इथे पॉज करते आणि ह्याला ओवाळते. ह्याच्या पुढे कधी गेले नाही. पण आमचे हे गेले तेव्हा हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाले, सुश्रुतची कॅसेट पुढे लाव. दोनदा म्हणाले. बाई, तुम्ही पुढे लावा."

मी लावली. सुश्रुतचा चेहरा थरथरला आणि पडदा काळा झाला. चित्र नाही, आवाज नाही. आम्ही तिघं त्या काळ्याकडे बघत बसलो. खोलीत तो एक पिवळा दिवा तेवढा जळत होता. बऱ्याच वेळाने कम्प्युटरने नेहमीप्रमाणे कॅसेट संपली असं समजून सगळं आपोआप थांबवलं.

तेव्हाच त्या खाली बसल्या.

"आई, कदाचित तिथे काही नव्हतंच," नकुल म्हणाला.

"होतं. पुसलंय." मधुमतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि पुसणारी माझ्याच घरात आहे. माझी सून."

२

मी पोलीस नाही आणि मला लोकांच्या भांडणात पडायची हौसही नाही. पण कॅसेट पुसली म्हटलं की माझं डोकं फिरतं. माणूस एकदा मरतो, पुसलेल्या कॅसेटमधला दुसऱ्यांदा मरतो. तेव्हा कॅसेट ठेवून घेतली आणि त्याच आठवड्यात लेस्टरला गेले.

बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीच्या माळा लागल्या होत्या. आठल्यांचं घर तिथून दोन गल्ल्या आत. दार सुनेने, ईशिताने उघडलं. हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, पुण्याची मुलगी, डोळे रडून सुजलेले.

"त्या माझ्या हातचं जेवत नाहीत," ती किचनमध्ये हळू आवाजात म्हणाली. "चार दिवस झाले. ब्रेड आणि दूध. पुढच्या आठवड्यात हार्टचं ऑपरेशन आहे हो त्यांचं! मी काय करू?"

"तू पुसलीस का कॅसेट?"

"मी कशाला पुसू?"

"त्या म्हणतात, तू म्हणाली होतीस, आई, आता ते सोडून द्या."

"म्हटलं होतं. कारण तो माणूस परत येणार नाही हे सगळ्यांना दिसतंय. त्यांना सोडून." तिने ओट्यावरच्या फडक्याची उगाच घडी केली. "भाऊबीजेला त्या टीव्हीपुढे पाट मांडतात, रांगोळी काढतात. मला पहिल्या वर्षी अंगावर काटा आला होता. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात ना? तसं सुचवलं, तर म्हणाल्या, चंद्राला ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात. मला भाऊ आहे."

"आणि तुझे सासरे? ते काय म्हणायचे?"

ईशिताने फडकं बाजूला ठेवलं.

"एकदा मी हॉल आवरत होते. कॅसेट लावलेली तशीच राहिली होती, पॉज आपोआप सुटला आणि ती पुढे जायला लागली. बाबा बागेत होते. ते धावत आले, जेमिमाआंटी. चिखलाच्या बुटांनी. आणि त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. मला म्हणाले, ह्यापुढे कधी जायचं नाही."

मला हे काही आवडलं नाही. ज्या माणसाने पुढे जाऊ दिलं नाही, तोच मरताना पुढे जा म्हणतो?

हॉलमध्ये टीव्हीखालचं मशीन पाहिलं. नकुल लहान असताना इथेच लेस्टरला घेतलेलं, घरात दुसरं कधी नव्हतंच. त्याच्या मागचं लेबल मी वाकून वाचलं, पाठीतून कळ आली तरी वाचलं.

मग मधुमतीबाईंशी बोलले. त्यांनी सगळं सांगितलं. यजमान शशिकांतराव टीव्ही इंजिनियर. लग्नानंतर नोकरी मिळाली ती थेट गयानाला, दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला. छोटासा देश, इंग्रजी बोलणारा, आपल्याकडून ऊस तोडायला नेलेल्यांची पणतवंडं तिथे कितीतरी. बर्बिस नदीच्या मुलखात एका व्यापाऱ्याने घराच्या वर डिश बसवली, अंगणात लोखंडी खांब उभा केला आणि झालं टीव्ही स्टेशन.

"दिवसभर अमेरिकेच्या सिरियली ओढून दाखवायच्या, रविवारी हिंदी सिनेमा. दुसऱ्या गावात दुसऱ्याचं स्टेशन. आमचं तिकडे दिसायचं नाही, त्यांचं इकडे. पण संध्याकाळी मयताच्या बातम्या लागल्या की आमच्या पट्ट्यात रस्ते ओस पडायचे. त्या धुनीला लहान मुलंही गप्प बसायची. आणि सगळ्या नातलगांची नावं घ्यायचे हो, परदेशातल्यांची आधी. नाव राहिलं तर लोक भांडायला यायचे. रोजच्या बातम्या एकाच कॅसेटवर एकापुढे एक उतरवून ठेवायचे. मग घरचे लोक येऊन कॉपी मागायचे, लंडनला, कॅनडाला पाठवायला. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी."

"सुश्रुत तिकडे कसा?"

"आम्हाला आईवडील नव्हते. मावशीने वाढवलं. मी गेल्यावर त्यालाही बोलावून घेतलं. मग नकुलच्या वेळी मी बाळंतपणाला पुण्याला मावशीकडे आले, आणि तेवढ्यात हा सरहद्दीच्या नदीपलीकडे, शेजारच्या देशात गेला. सुरीनामला. कुणा मुलीपायी. ह्यांना इंग्लंडला नोकरी लागली, मला परस्पर पुण्याहून इकडेच आणलं. बर्बिस काही परत दिसलं नाही. ही कॅसेट ह्यांनी हातातल्या बॅगेतून आणली." त्यांनी छातीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणतात सगळं ठीक होईल. पण टेबलावर झोपायच्या आधी मला कळू दे, माझा भाऊ आहे की नाही. एवढंच."

निघताना नकुल स्टेशनपर्यंत सोडायला आला. पाळण्यातला असताना इथे आलेला, त्यामुळे मराठी तशीच.

"आंटी, तो टेप माझ्याकडे होती एक वीक. कारच्या बूटमध्ये. माझा चूक आहे का? हीटमुळे जातं का असं?"

"डिकीतल्या हीटने कॅसेट वितळते राजा, पुसली जात नाही."

"मग कोण?" तो म्हणाला. "I mean, घरात आम्ही तिघंच आहोत. आणि नॅथॅनिएल रोहेकर अंकल आले होते, बाबा गेले तेव्हा. बर्बिसला बाबांच्या स्टेशनमध्ये वर्क करायचे ते. त्यांनी विचारला होता, ती कॅसेट कुठे असते."

३

नॅथॅनिएल रोहेकर! हे नाव ऐकून मी ट्रेनमध्ये बसले ती कपाळाला हात लावून. नॅथॅनिएल आमच्याच लोकांतला, बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू, मूळचा माझगावचा, हल्ली लंडनच्या कडेला पिनरला असतो. लंडनच्या प्रार्थनेला दिसला की आम्ही मराठीतून एकमेकांची खोड काढतो, बाकी सगळे इंग्रजीत. तो बर्बिसला होता, शशिकांतरावांच्या बरोबर त्याच स्टेशनात, हे मला कधीच बोलला नव्हता.

घरी आले, चहा केला आणि कॅसेट पुन्हा लावली. सुश्रुत हसला. पडदा काळा झाला. मी मशीनकडे बघत चहा पीत होते आणि मला एकदम कळलं की मी किती मूर्ख आहे.

पिवळा दिवा.

सांगते. टीव्हीचं चित्र रेघारेघांनी काढलेलं असतं. अमेरिकेची रेघा काढायची पद्धत वेगळी, इंग्लंडची वेगळी. गयानात अमेरिकेची. आता कॅसेट पुसायची म्हणजे काय करतात? घरचं मशीन रेकॉर्डवर लावतात आणि त्याला काहीच दाखवत नाहीत. ते मशीन अंधार रेकॉर्ड करतं. पण अंधारही शेवटी रेघांनीच काढलेला असतो! आणि इथली घरगुती मशीन्स अमेरिकी कॅसेट दाखवतात, पण रेकॉर्ड करताना आपल्याच पद्धतीने करतात. लेस्टरच्या मशीनच्या मागे हेच तर वाचून आले होते.

ईशिताने, नकुलने किंवा नॅथॅनिएलने कुणीही ती कॅसेट त्या घरात पुसली असती, तर काळं सुरू झाल्याबरोबर माझा दिवा हिरवा व्हायला हवा होता.

तो झाला नव्हता. तो काळोख गयानाचा होता. कॅसेट इंग्लंडला यायच्या आधी, बर्बिसमधल्याच कुणीतरी ती पुसली होती, आणि मधुमतीबाई इतकी वर्षं त्या काळोखाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन भावाला ओवाळून परत येत होत्या.

मला खरंच थंडी वाजली. मी उठून हीटर लावला.

लगेच ईशिताला फोन केला. "तू सुटलीस," मी म्हटलं. ती रडायला लागली. "पण सासूला आत्ता काही सांगू नकोस. कारण ज्याने पुसलं त्याला तिथे काहीतरी लपवायचं होतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय त्या बाईला अर्धवट सांगणं म्हणजे छळ आहे."

त्या स्टेशनात कॅसेटला हात लावणारी माणसं किती? सुश्रुत नाहीसा झालेला. उरले दोन. एक गेला, दुसरा पिनरला आहे.

४

नॅथॅनिएल दारात मला बघून खूश झाला आणि मी "बर्बिस" म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"बस. चहा घेशील?"

"चहा नंतर. मेल्या, तू तिथे होतास आणि कधी बोलला नाहीस?"

"त्यात काय बोलायचं?" तो खिडकीकडे गेला. बाहेर नीट कापलेलं गवत, शेजाऱ्याची मांजर. "शशीने बोलावलं, मी गेलो. मी कॅमेरा धरायचो, जाहिराती आणायचो. डास फार. करंट तर जायचाच. बायको आली नसती तिथे, म्हणून सोडलं."

"सुश्रुतचं काय झालं?"

"नदीपलीकडे गेला. सुरीनामला. सगळ्यांना माहीत आहे."

"मुलगी कोण होती?"

"होती कुणीतरी."

"नाव?"

"आता काय आठवतं मला, जेमिमा! म्हातारा झालो."

"डासांचं आठवतं, मुलीचं नाही? बरं. कॅसेटवर सुश्रुतच्या नंतर काळोख आहे. तिथलाच काळोख. माझ्या मशीनने सांगितलंय. कुणी पुसलं?"

त्याने खिडकीचा पडदा सरळ केला. मग एकदम त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि तेच मला खटकलं.

"पुसलं कुणी नसणार. ब्लॅकआउट! सांगितलं ना, करंट सारखा जायचा. बातम्या चालू असताना गेला असेल. स्टेशन काळं, तर कॅसेटही काळी."

ऐकायला अगदी बरोबर. त्याने चहा आणला, बरोबर खोबऱ्याची बिस्किटं. ती खाताना मी सहज विचारलं, "नकुलला तू विचारलंस की कॅसेट कुठे असते. कशाला?"

"शशीची आठवण म्हणून बघायची होती."

"शशी त्या कॅसेटमध्ये आहे?"

कप बशीवर आपटला. चहा सांडला. "नाही," नॅथॅनिएल म्हणाला. "नाही, नाही. शशी कुठे? सुश्रुत आहे."

मी निघाले. लीड्सच्या परतीच्या गाडीत बसून मनात म्हणत होते, ब्लॅकआउट असेलही. आणि कुठल्यातरी स्टेशनावर गाडीतले दिवे क्षणभर गेले. माझ्या समोरच्या मुलीने लॅपटॉप प्लगला लावला होता, त्याचा चार्जिंगचा दिवा पटकन विझला.

अगं बाई! करंट गेला तर रेकॉर्ड करणारं मशीनही बंद पडणार ना? बंद मशीन काही काळोख उतरवत बसत नाही. कॅसेट जागच्या जागी थांबते, आणि करंट आला की तिथूनच पुढे चालते. काळोख उतरवायला करंट लागतो. करंट होता, मशीन चालू होतं, आणि कुणीतरी समोर बसून त्याला अंधार पाजत होतं.

नॅथॅनिएल खोटं बोलला होता. आणि शशिकांतरावांचं नाव काढल्यावर त्याच्या हातून चहा सांडला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी लीड्सला पाऊस. मी कम्प्युटरचं ते आपोआप थांबणं बंद केलं. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, पण समोर बाई रडत असताना सुचत नाही.

काळोख सुरू झाला आणि मी स्वेटर विणत बसले. काळोख चालूच. लोकरीचा गोळा संपला, दुसरा घेतला. त्या काळ्या काचेत माझाच चेहरा दिसत होता आणि त्यामागे दार. मी दोनदा वळून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी हिशेबी बाई आहे, भुताखेतांवर विश्वास नाही, पण सांगते, त्या दिवशी त्या खोलीत मी एकटी आहे असं मला वाटत नव्हतं.

आणि मग काळोख फाटला.

आधी ऑर्गनची तीच धून. पडद्यावर एका तरुणाचा फोटो, स्थिर. दाबून बसवलेले केस. सुश्रुत. खाली त्याचं नाव. त्यावर एका पुरुषाचा आवाज, इंग्रजीत, पण उच्चार पक्के आपल्याकडचे. वाक्याचा शेवट तेवढा उरला होता.

"...ब्रदर ऑफ मधुमती, ऑफ पूना, इंडिया."

मग धून संपली आणि कॅसेटही.

सुई हातात तशीच राहिली. मी ते परत लावलं. परत लावलं. आवाज नॅथॅनिएलचा नव्हता, त्याचा मला चांगला ठाऊक आहे. हा दुसऱ्याचा. वाचताना तो "मधुमती"च्या आधी थांबला होता.

पुसणाऱ्याने सगळं पुसलं होतं. मधल्या दिवसांच्या बातम्या, सुश्रुत कसा वारला, कधी, कुठे, सगळं. हा शेवट मात्र सोडला होता. घाईत राहिलं म्हणावं, तर कॅसेटची थोडीशीच फीत उरली होती, जरा थांबला असता तर तीही गेली असती.

मी नॅथॅनिएलला फोन केला. "भाऊबीजेला लेस्टरला ये," मी म्हटलं. "आलास तर तू सांगशील. नाही आलास तर कॅसेट सांगेल."

मग तो म्हणाला, "शेवट राहिलाय का त्यात?"

६

भाऊबीजेच्या संध्याकाळी आठल्यांच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी. मधुमतीबाई हिरवी साडी नेसून ताट घेऊन उभ्या. ईशिता किचनच्या दारात, आत यायची हिंमत नाही. नकुल तिच्याशेजारी. नॅथॅनिएल कोपऱ्यात, ओला कोट अंगात तसाच.

"बसा, मधुमतीताई," मी म्हटलं. "आधी एक गोष्ट. तुमच्या सुनेने कॅसेट पुसलेली नाही. ती इंग्लंडमध्ये पुसलीच गेलेली नाही." आणि दिव्याचं, रेघांचं, करंटचं सगळं सांगितलं. नॅथॅनिएल मान खाली घालून ऐकत होता. "काळोख बर्बिसहून आलाय. तुमच्या यजमानांच्या हातातल्या बॅगेतून."

"ह्यांनी?" त्या म्हणाल्या. "हे कशाला पुसतील?"

मी नकुलला खूण केली. त्याने मी उतरवून आणलेला तुकडा लावला.

धून सुरू झाली. कोपऱ्यात नॅथॅनिएलचा हात आपोआप खिशात गेला, त्याने आमची प्रार्थनेची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि तो उभा राहिला. फोटो आला. आवाज आला. ब्रदर ऑफ मधुमती, ऑफ पूना, इंडिया.

मधुमतीबाईंच्या हातातलं ताट हललं नाही. निरांजनाची ज्योत तेवढी हलत होती.

"हा ह्यांचा आवाज," त्या म्हणाल्या.

त्या टीव्हीजवळ सरकल्या.

"परत लाव."

नकुलने परत लावलं.

"हे कधी वाचलं ह्यांनी?" त्या नॅथॅनिएलकडे वळल्या. "भावजी, मी कुठे होते तेव्हा?"

"तुम्ही पुण्याला होतात, वहिनी. नकुलच्या वेळी. दिवस भरत आले होते." नॅथॅनिएलचा आवाज चिरका झाला. "वाऱ्याने अँटेना फिरली होती. एका घरच्या मयताचं त्या संध्याकाळी जायलाच हवं होतं, लोक दारात येऊन बसले होते. शशी म्हणाला, कुणीतरी चढा. सुश्रुत म्हणाला, मी. शिडी मी धरली होती. शिडी हलली नाही, वहिनी, देवाशपथ. वरचा खांब गंजलेला होता, तो सुटला."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"शशीने पुण्याला मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, पोटुशी आहे, बाळंत होईपर्यंत अवाक्षर काढू नका. मग नकुलला कावीळ झाली. शशी म्हणाला, बारसं होऊ दे. मग मावशी म्हणाल्या, दूध तुटेल. मग इंग्लंडला पोचू दे. आणि मग फोनवर तुम्हीच विचारलंत, वहिनी. म्हणालात, सुश्रुत त्या नदीपलीकडच्या मुलीकडे गेला का हो? आणि शशी हो म्हणाला."

मधुमतीबाईंनी डोळे मिटले.

"मीच विचारलं," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. मी चिडले होते त्याच्यावर, पत्र नाही म्हणून."

"शशी कॅसेट पुसायला बसला तेव्हा मी शेजारी होतो. तुमच्यासाठी सुश्रुतचा चेहरा ठेवायचा होता आणि बाकीचं घालवायचं होतं. शेवटापर्यंत आला आणि त्याने बटणावरचा हात काढला. मी म्हटलं, थोडंच राहिलंय, पूस. तो म्हणाला, तिचं नाव आहे रे. तिचं नाव मला नाही पुसता येत." नॅथॅनिएलने तोंड पुसलं. "शपथ घातली होती मला. तो गेल्यावर वाटलं, ती कॅसेट आपण घेऊन जावी. पण धीर झाला नाही."

भिंतीवर शशिकांतरावांचा फोटो होता, हार घातलेला. मधुमतीबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"इतकी वर्षं!" त्या म्हणाल्या. "मी पाट मांडायचे आणि तुम्ही पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचायचात! मी त्याला औक्ष मागायचे, आणि तुम्ही ऐकत बसायचात! माणूस होतात की दगड?" त्या ओरडल्या नाहीत, पण नकुल दचकला. त्याने आईचा असा आवाज जन्मात ऐकला नसावा. मग त्यांनी पदराने नाक पुसलं, वळल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने तो बंद केला.

"ईशिता."

"हो, आई."

"निरांजन विझत आलंय. तूप घाल. आणि काय केलंयस ते वाढायला घे, मला भूक लागलीय."

ईशिताने तूप घातलं. घाईत थोडं साडीवर सांडलं, आणि सासूने ते आपल्या पदराने टिपलं. मग दोघी मागचं दार उघडून बागेत गेल्या. लेस्टरचं आभाळ राखाडी, बारीक पाऊस, चंद्र कुठला दिसायला. ईशिताने छत्री धरली. मधुमतीबाईंनी जिथे चंद्र असायला हवा तिथे तोंड केलं आणि ओवाळलं. सुश्रुत, असं एकदा मोठ्याने म्हणाल्या. आम्ही काचेतून बघत होतो. नकुल रडत होता आणि मी त्याला माझा रुमाल दिला.

त्या आत आल्या. ज्योत अजून तेवत होती. नॅथॅनिएल दाराकडे सरकत होता.

"कुठे निघालात?"

"येतो मी, वहिनी. माझं तोंड..."

"वहिनी नाही." त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. "शिडी तुम्ही धरली होतीत ना त्याची? मग बसा इथे. पाट मांडलाय तो रिकामा उचलणार नाही मी."

नॅथॅनिएल माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. तो गुडघे धरत, कण्हत, टीव्हीकडे पाठ करून पाटावर बसला. मधुमतीबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्याने गडबडून पाकीट काढलं, तर त्यांनी त्याचा हात धरून ते खाली ठेवायला लावलं.

"ओवाळणीत पैसे नकोत," त्या म्हणाल्या आणि ताट बाजूला ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, माझ्या खोलीत बसल्या होत्या तशाच. "मला त्याचा तो दिवस द्या. कोणता शर्ट घातला होता तिथपासून, अग्नी कुणी दिला तिथपर्यंत. त्यातलं काही पुसायचं नाही."

नॅथॅनिएलने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"निळा," तो म्हणाला. "निळा शर्ट होता, मधुमती."